आजारी रजेची भाषा

एखाद्या शाळेत सोमवारी सकाळी निम्म्या वर्गाचे पोट एकदम दुखू लागले, तर जाणता मुख्याध्यापक डॉक्टरास बोलावीत नाही. शनिवारी वर्गात काय घडले याची तो आधी चौकशी करतो. आपल्या देशातील विमान कंपन्यांत २००९ पासून असे पोट वारंवार दुखत आले आहे. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक, मे २०१२ मध्ये एअर इंडियाचे वैमानिक, एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराचे वैमानिक आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी असे घाऊक संख्येने आजारी पडले की, विमाने धावपट्टीच्या कडेला उभी राहिली आणि उतारू विमानतळांच्या फरशीवर झोपले. करारावर सही होताच त्याच रात्री ओसरणारी साथ वैद्यकशास्त्रास ठाऊक नाही. ती रोगाची साथ नव्हतीच. समोरासमोर बोलण्याच्या साऱ्या वाटा बुजल्यावर सुशिक्षित, उच्चपदस्थ माणसांनी शोधून काढलेली ती एक भाषा होती. आणि भाषा म्हणून ती अत्यंत वाईट आहे.

या विषयास आम्ही पहिल्या पानावर जागा द्यावी याचे काही वाचकांस नवल वाटेल. हदगावास विमानतळ नाही आणि तो व्हावा अशी मागणीही आमच्या ऐकिवात नाही. परंतु हदगावच्या घराघरांतून कोणी पुण्यास नोकरीला आहे, कोणी मुंबईच्या रुग्णालयात उपचारासाठी जातो, कोणी परदेशी गेलेल्या मुलाकडे जावयास निघतो. हा माणूस पहाटे उठून अर्धापूरवरून नांदेड गाठतो, नाही तर उलट दिशेने नागपूरचा रस्ता धरतो, किंवा रात्रीच्या गाडीने हैदराबादेस जातो. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील पहिल्यावहिल्या उड्डाणांत नांदेड–हैदराबाद मार्गाचा समावेश झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यास कोण आनंद झाला होता! ती सेवा देणारी ट्रूजेट कंपनी फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. कर्मचाऱ्यांचे पगार थकल्याच्या वार्ता त्यापूर्वीच येऊ लागल्या होत्या. मोठ्या शहरातील उतारूचे एक विमान चुकले तर त्यास दुसरे मिळते. आमच्याकडील उतारूचे विमान चुकले म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख चुकते, मुलाखत चुकते, कधी कधी अखेरचे दर्शनही चुकते. तेव्हा वैमानिक, त्यांची संघटना आणि कंपनीचे व्यवस्थापन हे तिघे एकमेकांशी कसे बोलतात किंवा बोलत नाहीत, हा मुंबई-दिल्लीचा खाजगी मामला आहे असे आम्ही मानीत नाही.

जेट एअरवेजचे प्रकरण आधी घेऊ, कारण ते मुंबईत घडले आणि त्याचा शेवटही आता सर्वांस ठाऊक आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये या कंपनीने शेकडो कर्मचाऱ्यांस एका फटक्यात घरी पाठविले. त्यांत बहुसंख्य तरुण केबिन कर्मचारी होते. गणवेशातच ही मुले-मुली रस्त्यावर आली. दोन दिवसांत गहजब झाला, राजकीय पुढारी मध्ये पडले आणि कंपनीच्या संस्थापकांनी सर्वांस परत घेतले. या घटनेतून वैमानिकांनी एकच धडा घेतला असला पाहिजे, तो म्हणजे आपले स्थान आपल्या कौशल्याने नव्हे, तर कंपनीच्या मर्जीने टिकते. पुढल्याच वर्षी त्यांनी 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' ही संघटना बांधली. कंपनीने काय करावे? संघटनेच्या दोघा पुढाऱ्यांस कामावरून दूर केले. ८ सप्टेंबर २००९ पासून शेकडो वैमानिकांनी आजारी असल्याचे कळविले. मुंबई उच्च न्यायालयाने संपास मनाई केली, कंपनीने आणखी काहींस काढले, दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तोफा डागल्या. आणि पाच दिवसांनी काढलेल्या वैमानिकांस परत घेण्याच्या अटीवर तडजोड झाली. जे पाचव्या दिवशी देता आले ते पहिल्या दिवशी का देता आले नाही, या प्रश्नास उत्तर नाही. मधल्या काळात हजारो उतारूंचे हाल झाले आणि कंपनीच्या नावास बट्टा लागला, एवढीच काय ती कमाई.

परंतु या कथेचा उत्तरार्ध अधिक विचार करण्याजोगा आहे. २०१८ च्या उत्तरार्धात जेटचे पाय डळमळू लागले. पगार उशिरा होऊ लागले. २०१९ उजाडल्यावर वैमानिकांचे पगार महिनोन् महिने थकले. त्या वेळी हीच गिल्ड काय करीत होती? तिने काम थांबविण्याचा इशारा दिला, आणि तो अमलात आणण्याची तारीख आली तेव्हा ती पुढे ढकलली. स्टेट बँकेने रोखलेला पैसा सोडावा आणि वीस हजार माणसांच्या नोकऱ्या वाचवाव्यात, अशी याचना ती करीत होती. दहा वर्षांपूर्वी जिला कंपनीने शत्रू ठरविले, तीच संघटना कंपनीसाठी शेवटपर्यंत पदर पसरीत होती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईस आलेले विमान हे जेटचे शेवटचे विमान ठरले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. वैमानिकांचे म्हणणे ऐकले असते तर जेट वाचली असती असा दावा आम्ही करणार नाही. कर्जाचे डोंगर सल्लामसलतीने वितळत नसतात. एवढे मात्र खरे की, कंपनीची खरी स्थिती कर्मचाऱ्यांस वृत्तपत्रांतून आणि अफवांतून कळत राहिली. घरातील आजाऱ्याची बातमी शेजाऱ्याकडून कळावी, तसा हा प्रकार होता.

एअर इंडियाची गोष्ट याहून विचित्र, कारण तेथे मालक सरकारच होते. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक झाल्या, म्हणजे कागदावर एक झाल्या. पगार दोन, सेवाज्येष्ठतेच्या याद्या दोन, संघटनाही दोन राहिल्या. एप्रिल २०११ च्या अखेरीस जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. पुढच्या मे महिन्यात जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी नेमका उलट तक्रारीवर काम थांबविले. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण आपणासच मिळावे, दुसऱ्या गटास नको, असे त्यांचे म्हणणे होते. पुन्हा आजारी रजा, पुन्हा मान्यता रद्द, शंभराहून अधिक वैमानिक बडतर्फ, आणि दिल्ली उच्च न्यायालयात दिलेल्या आश्वासनावर ५८ दिवसांनी समाप्ती. एका वर्षी एका भावाने घर बंद पाडले, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या भावाने. आणि वडील मात्र दोघांनाही 'तुझी ओळखच नाही' असे सांगून मोकळे झाले. विलीनीकरणाचा निर्णय घेताना या दोन गटांस एका खोलीत बसवून ज्येष्ठतेची यादी आधी तयार करावयास पाहिजे होती. ते काम कंटाळवाणे, भांडणाचे आणि वेळखाऊ होते, म्हणून ते पुढे ढकलले गेले. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने ते अखेर हाती घेतले, तोवर वैर मुरले होते.

या प्रकरणात वैमानिकांच्या संघटनाही आमच्या सहानुभूतीस पात्र नाहीत, हे स्पष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. दुसऱ्या गटाच्या सहकाऱ्यास नव्या विमानाचे शिक्षण मिळू नये म्हणून आंदोलन करणे यास संघटनाधर्म म्हणत नाहीत. आपल्या सभासदांस खरी परिस्थिती समजावून सांगणे, काही मागण्या मिळणार नाहीत हे त्यांच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य दाखविणे, हे पुढाऱ्याचे काम असते. सभासदांच्या रागावर स्वार होणे सोपे असते, पण त्या घोड्यास लगाम नसतो.

याचा अनुभव महाराष्ट्रास विमानाबाहेरच अधिक आला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा कायद्याने त्यांचा प्रतिनिधी एकच होता, तो म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार मात्र दत्ता सामंतांच्या मागे होते. मालक म्हणत, आम्ही मान्यताप्राप्त संघटनेशीच बोलू. कामगार म्हणत, ती आमची नव्हे. बोलणी ज्याच्याशी होऊ शकत होती त्याचे कोणी ऐकत नव्हते, आणि ज्याचे लोक ऐकत होते त्याच्याशी बोलणी होऊ शकत नव्हती. त्या संपातून गिरणगाव पुन्हा उठले नाही.

हदगावच्या वाचकांस तर इतके मागे जावयास नको. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांच्या संघटनांच्या कृती समितीने महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्याविषयी सरकारशी समझोता केला आणि उपोषण मागे घेतले. पुढाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. पण कामगार म्हणाले, आम्हांस विलीनीकरण हवे आहे, तुम्ही कोणास विचारून सही केली? ऐन दिवाळीत एकेक आगार बंद होत गेले आणि नोव्हेंबरमध्ये राज्यातील सर्व आगारे थंडावली; त्यांत हदगावचेही होते. दाराशी येणारी लाल गाडी महिनोन् महिने आली नाही. वाडी-तांड्यांवरून तालुक्यास शाळा-कॉलेजसाठी येणाऱ्या मुलांनी ते दिवस कसे काढले हे येथे कोणास सांगावयास नको. सरकारने नोव्हेंबरअखेर पगारवाढ जाहीर केली तरी संप मिटला नाही; अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर येण्यास सांगितले, तेव्हा गाड्या सुरू झाल्या. वैमानिक आणि एसटीचा चालक यांच्या पगारांत जमीन-अस्मानाचे अंतर असेल. परंतु पुढारी सही करून आले आणि मागे पाहतात तो कोणीच नाही, ही अवस्था दोहोंकडे सारखीच. व्यवस्थापनास नेहमी वाटते की दुबळी, आज्ञाधारक संघटना सोयीची. तशी संघटना कराराच्या दिवशी सोयीची असते खरी. दुसऱ्या दिवशी ती कोणासही कामावर आणू शकत नाही.

आता एक आक्षेप. आमच्या मध्यमवर्गीय वाचकांपैकी अनेकजण म्हणतील, दरमहा लाखांनी पगार मोजून घेणाऱ्या या मंडळींस कसली आली संघटना आणि कसली आली गाऱ्हाणी? हा आक्षेप समजण्यासारखा आहे, पण तो चुकीच्या जागी आहे. पगाराची तक्रार असती तर आम्हीही हा विषय आतल्या पानावर ढकलला असता. वैमानिकाची खरी तक्रार झोपेची आहे, आणि झोप पगाराने विकत मिळत नाही. अर्ध्या रात्री गजर लावून उठलेला, लागोपाठ दुसऱ्या रात्री विमान उतरविणारा माणूस लक्षाधीश असला म्हणून त्याच्या पापण्या हलक्या होत नाहीत.

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ माणसे मेली. चौकशीत उघड झाले ते असे : ध्वनिमुद्रणाच्या सुमारे दोन तासांपैकी पहिला एक तास चाळीस मिनिटे कप्तान झोपला होता. झोपेतून उठल्यावर बुद्धीवर जे जाड्य राहते, त्याच अवस्थेत त्याने विमान उतरविण्यास घेतले. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास तीनदा सांगितले. कप्तानाने ऐकले नाही.

या तीन हाका आमच्या कानांतून जात नाहीत. जगभरच्या विमान कंपन्यांनी अशा अपघातांतून एक शिकवण घेतली आहे आणि ती आपल्या वैमानिकांस त्या आवर्जून देतात. ती अशी की, कनिष्ठास धोका दिसला तर त्याने वरिष्ठास बोललेच पाहिजे आणि वरिष्ठाने ऐकलेच पाहिजे. तेथे मान-अपमानाचा प्रश्न नाही. कॉकपिटमध्ये हा नियम शिकविणारे व्यवस्थापन विमानाबाहेर पाऊल टाकताच तो विसरते. कॉकपिटातील सहवैमानिकाचा आक्षेप ही सुरक्षितता, आणि त्याच सहवैमानिकाच्या संघटनेचा वेळापत्रकाविषयीचा आक्षेप हा मात्र उद्दामपणा! ही विसंगती आमच्या मते सर्व प्रश्नाचे मूळ आहे. धोका आकाशात सुरू होत नाही. तो पुष्कळदा महिन्याचे वेळापत्रक आखणाऱ्या टेबलावर सुरू होतो, आणि तेथे बोलणारा कोणी नसतो.

ऐकण्याची व्यवस्था कशी उभी करावी याचा एक धडा अमेरिकेकडून घेता येण्यासारखा आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळले. नकाशातील सूचनेचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावला होता. नंतर आढळले की, सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचीही त्याच ठिकाणी तीच चूक होता होता राहिली होती. त्यांनी ती आपल्या कंपनीस कळविली, कंपनीने आपल्या वैमानिकांस सावध केले, पण ती गोष्ट त्या कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही. तेव्हा १९७६ पासून तेथे एक नवी पद्धत सुरू झाली. वैमानिकाने आपली चूक, थकवा, शंका जे काही असेल ते कंपनीस नव्हे, शिक्षा देणाऱ्या सरकारी खात्यासही नव्हे, तर तिसऱ्याच संस्थेस, म्हणजे अवकाश संशोधन करणाऱ्या नासास, लिहून पाठवावे. ती नाव-गाव काढून टाकते आणि उरलेली माहिती सर्वांस देते. साधी युक्ती आहे. ज्याच्या हाती छडी आहे त्याच्याजवळ मूल खरे बोलत नाही, हे कोणताही मास्तर सांगेल.

आपल्याकडे थकव्याची नोंद करण्याची सोय नियमांत आहे. पण ती नोंद पुष्कळदा ज्याने वेळापत्रक लादले त्याच्याच टेबलावर जाते. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरच्या विमानतळावर पुण्याचे विमान घेऊन निघालेला इंडिगोचा एक चाळिशीतील कप्तान प्रवेशद्वारापाशीच कोसळला आणि मरण पावला. आदल्या दिवशी त्याने पहाटेची उड्डाणे केली होती आणि नंतर त्यास २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असे कंपनीने सांगितले. त्याच्या मृत्यूचे कारण थकवा होते असे म्हणण्यास आम्हांस आधार नाही आणि तसे आम्ही म्हणत नाही. पण त्या घटनेनंतर देशातील वैमानिकांचा जो दबलेला आवाज बाहेर पडला, तो सरकारलाही ऐकावा लागला.

जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली आणि रात्री विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम त्याच वर्षीच्या जूनपासून लागू व्हावयाचे होते. कंपन्यांनी कुरकूर केली, ते पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात होत्या. अखेर १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते अमलात आले. म्हणजे तयारीस जवळजवळ दोन वर्षे मिळाली. असे असता डिसेंबर २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबर या एका दिवशी हजाराहून अधिक. या वेळी कोणीही पोटदुखीचे सोंग केले नव्हते. वैमानिक कामावर होते. पण नव्या नियमाप्रमाणे जितके लागत होते तितके ते नव्हतेच.

कंपनीने भरती रोखून धरली, हा संघटनांचा आरोप. इतर कारणेही होती, हा कंपनीचा बचाव. त्याचा निवाडा चौकशी करणाऱ्यांनी करावा. आमच्या मनात येणारा प्रश्न निराळा आहे. किती वैमानिक कमी पडणार, हा त्रैराशिकाचा हिशेब आहे. चौथीच्या मुलास करता येईल. तो हिशेब त्या कंपनीतील शेकडो कप्तानांनी आपल्या डायऱ्यांत आधीच मांडलेला असणार. तो वरपर्यंत का गेला नाही? की गेला आणि वाचला गेला नाही? इंडिगोच्या बाबतीत बोलणाऱ्या संघटना होत्या त्या कंपनीबाहेरच्या, साऱ्या देशातील वैमानिकांच्या. त्यांस कंपनी म्हणू शकत होती, 'तुम्ही कोण?' ज्या घरात संघटना नसते तेथे शांतता असते असे व्यवस्थापनास वाटते. ती शांतता नव्हे, तो बहिरेपणा आहे. आणि त्याचे बिल डिसेंबरात उतारूंच्या नावाने फाटले.

त्यावर सरकारने काय केले? उतारूंची कोंडी फोडण्यासाठी त्याच कंपनीस रात्रीच्या उड्डाणांविषयीच्या नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली, आणि साप्ताहिक विश्रांतीच्या बदली रजा धरू नये हा नियम सर्वांसाठीच मागे घेतला. विमानतळांवर माणसे अडकून पडली असता काही तातडीचा उपाय करणे भाग होते, हे आम्ही मान्य करतो. पण ज्यांच्या झोपेसाठी नियम केला त्यांस न विचारता तो सैल करावा, आणि ज्याने तयारी केली नाही त्याचीच सोय व्हावी, हे न्यायाचे झाले नाही. गृहपाठ न करणाऱ्या मुलासाठी परीक्षाच पुढे ढकलली, तर गृहपाठ करणाऱ्यांनी काय समजावे?

योगायोग असा की, या गोंधळाच्या जेमतेम दहा दिवस आधी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तो संपच समजला जाईल, असे तीत म्हटले आहे. आणि संपास चौदा दिवसांची पूर्वसूचना आवश्यक केली आहे. म्हणजे घाऊक रजेची पळवाट बुजविण्याकडे कायद्याने पाऊल टाकले. आम्हांस त्याचे दुःख नाही. खोट्या आजाराने विमान अडविणे हे उतारूशी तर अप्रामाणिकपणाचे आहेच, पण वैमानिकांसाठीही ते आत्मघाताचे आहे. ज्या दिवशी चारशे जण खोटे आजारी पडतात, त्या दिवसापासून एक्केचाळिसाव्या रात्री खरोखर थकलेला एखादा कप्तान 'मी आज उडवू शकत नाही' म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. त्याचा एक शब्द हीच विमानातील दीडशे-पावणेदोनशे जिवांची शेवटची ढाल असते. ती त्याच्याच सहकाऱ्यांनी बोथट करून ठेवलेली असते.

मात्र कायद्याने एक वाट बुजविली, तर दुसरी उघडलीही पाहिजे. त्याच संहितेत तशी तरतूद आहे. ज्या संघटनेस ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ती वाटाघाटीची एकमेव संघटना; तसा पाठिंबा कोणासच नसेल तर वीस टक्क्यांवरील संघटनांची वाटाघाट परिषद. गिरणी कामगारांस १९८२ मध्ये असे मोजमाप मिळाले असते, तर मुंबईचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. प्रश्न एवढाच की, वैमानिक या कायद्याचा 'कामगार' आहे की नाही? २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली वैमानिकास कामगार मानले होते. कंपन्या मात्र संघटना मोडावयाची असली म्हणजे वैमानिकास अधिकारी ठरवितात, आणि संप बेकायदा ठरवावयाचा असला म्हणजे कामगार. ही दुटप्पी वागणूक नव्या संहितेखाली पुन्हा चालू देऊ नये, आणि केंद्र सरकारने वैमानिकांस वाटाघाटीच्या तरतुदी लागू असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परत गेली. पुढच्याच वर्षी नव्या करारपत्रांवरून पंधराशेच्या आसपास वैमानिकांनी आपले गाऱ्हाणे सह्या करून थेट रतन टाटांकडे पाठविले. या अर्जात आम्हांस आंदोलनापेक्षा एक जुनी भारतीय श्रद्धा अधिक दिसली : मधले कारकून ऐकत नाहीत, पण थोरले मालक ऐकतील. ही श्रद्धा हृद्य आहे, व्यवस्था म्हणून मात्र ती निरुपयोगी आहे. विस्तारामध्ये २०२४ साली पगाराच्या निश्चित हमीचे तास ७० वरून ४० वर आणणारा नवा करार वैमानिकांपुढे ठेवला गेला. विमाने रद्द होऊ लागल्यावर वरिष्ठांनी वैमानिकांशी संवाद साधला. तोच संवाद करारपत्र छापण्यापूर्वी साधला असता, तर खर्च फक्त चहाचा आला असता.

यासाठी कोणत्याही कायद्याची, न्यायालयाची किंवा मंत्र्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक कंपनीने वैमानिकांस गुप्त मतदानाने आपले प्रतिनिधी निवडू द्यावेत. दर महिन्याचे वेळापत्रक पक्के होण्यापूर्वी ते त्या प्रतिनिधींसमोर ठेवावे. थकव्याच्या नोंदी कंपनीऐवजी एखाद्या स्वतंत्र संस्थेकडे जाव्यात, आणि कोणत्या कंपनीतून किती नोंदी आल्या व त्यांपैकी किती मान्य झाल्या हे आकडे महासंचालनालयाने दर तिमाहीस प्रसिद्ध करावेत. विश्रांतीच्या नियमांतून सूट द्यावयाची झाल्यास आधी वैमानिकांचे म्हणणे ऐकावे आणि सूट का दिली हे लेखी जाहीर करावे. संघटनांनीही आपल्या बाजूने घाऊक आजारी रजेचे हत्यार खाली ठेवल्याचे लेखी द्यावे, आणि कोणताही करार सभासदांच्या मतास टाकल्याविना त्यावर सही करू नये. एसटीच्या कृती समितीचे ऑक्टोबर २०२१ मध्ये काय झाले ते त्यांनी हदगावच्या कोणत्याही कंडक्टरास विचारावे.